पगारपत्रकावरचा चित्रकार

रेज्जो एमिलिया हे उत्तर इटलीतले मध्यम आकाराचे शहर. पार्मा आणि मोदेना यांच्या मध्ये वसलेले, चीजसाठी प्रसिद्ध. तिथली नगरपालिका स्वतःच्या बालवाड्या चालवते आणि त्या पाहायला जगभरातून शिक्षक येतात. या बालवाड्यांमध्ये तीन ते सहा वर्षांची मुले असतात. प्रत्येक वर्गाला समान दर्जाच्या दोन शिक्षिका, शिवाय स्वयंपाकी आणि मदतनीस. त्यांच्या जोडीला पगारपत्रकावर आणखी एक नाव असते, ते चित्रकाराचे किंवा शिल्पकाराचे. त्याला तिथे ‘अतेलिएरिस्ता’ म्हणतात आणि त्याच्या खोलीला ‘अतेलिए’.

आपल्याकडे शाळेत कलावंत येतो तो पाहुणा म्हणून. गॅदरिंगच्या आधी, चित्रकला स्पर्धेच्या दिवशी किंवा उन्हाळी शिबिरात. प्रात्यक्षिक होते, टाळ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ववत सुरू होते. रेज्जोने कलावंताला घरातलाच माणूस केले. हे का केले आणि त्यातून काय घडले, हे समजून घ्यायचे तर १९४५ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी २५ एप्रिलला इटलीची फॅसिस्ट राजवटीतून सुटका झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, शहरालगतच्या विल्ला चेल्ला गावातल्या लोकांनी मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. भांडवल म्हणजे माघार घेणारे जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे. ते विकून पैसे उभे राहिले. एका शेतकऱ्याने जमीन दिली, विटा बाँबहल्ल्यात पडलेल्या घरांच्या, वाळू नदीची. बायका-पुरुष रविवारीही राबत. ही बातमी ऐकून एक तरुण प्राथमिक शिक्षक सायकलवरून तिथे पोहोचला. त्याचे नाव लोरिस मालागुत्सी. जन्म १९२०, शेजारच्या कोरेज्जो गावचा. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, १९९४ मध्ये निधन होईपर्यंत, तो याच कामात राहिला.

नगरपालिकेने आपली पहिली बालवाडी काढली १९६३ मध्ये. तिचे नाव रॉबिन्सन, क्रूसोवरून घेतलेले. तोवर इटलीत लहान मुलांची शाळा म्हणजे बहुतांशी चर्चची शाळा. सरकारी बालवाड्यांचा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. साठीच्या दशकातच मालागुत्सींनी शाळेत अतेलिए आणला. त्यांची तक्रार साधी होती : शाळा मुलाचे बोलणे, वाचणे आणि लिहिणे तेवढे ऐकते. मातीतून, रेषेतून, सावलीतून, अंगाच्या हालचालीतून मूल जो विचार करत असते, तो शाळेच्या कानावर पडतच नाही. ही उणीव भरून काढायला त्यांनी मुद्दाम असा माणूस नेमला, ज्याच्याजवळ अध्यापनाची पदविका नव्हती. शिक्षकांच्या सवयी ठरलेल्या. त्यांच्यात वेगळ्या सवयीचा माणूस बसला की खटके उडतील, प्रश्न निघतील, हे त्यांना हवेच होते.

अतेलिएत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात ती उघडी फडताळे. मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर चिकणमाती, तार, बटणे, सुकी पाने, कागदाचे नाना प्रकार, बाटल्यांत छटांप्रमाणे लावलेले रंग. जोडीला आरसे, काचेखाली दिवा असलेले टेबल आणि सावल्या मोठ्या करून पाहायला प्रोजेक्टर. १९९६ पासून गावात ‘रेमिदा’ नावाचे केंद्रही आहे. कारखान्यांतला टाकाऊ पण स्वच्छ माल तिथे गोळा होतो आणि शाळा तो घेऊन जातात. स्पर्श करील त्याचे सोने करणाऱ्या मायडस राजावरून त्याचे नाव ठेवले आहे. मात्र सामान कुणालाही जमवता येते. खरी गोष्ट आहे त्या सामानाभोवती चालणाऱ्या कामाची.

डायाना ही शहरातल्या सार्वजनिक बागेतली बालवाडी. तिथे घडलेला एक प्रसंग पुढे ‘बूट आणि मीटर’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. वर्गाला कामासाठी आणखी एक टेबल हवे होते, आधीच्या टेबलासारखेच. सुताराला बोलावले. तो म्हणाला, देतो करून, मापे सांगा. शिक्षिकांनी मापे स्वतः घेतली नाहीत, टेप आणून हातातही दिली नाही. ते काम पाच-सहा वर्षांच्या मुलांवर सोपवले.

मग सुरू झाले मोजणे. आधी बोटे, मग वीत, मग हात, मग पाय. प्रत्येकाची वीत वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचे टेबल वेगळ्या लांबीचे निघाले. भांडणे झाली. कुणी कागदाच्या पट्ट्या करून त्यांवर मनाला येतील तसे आकडे लिहिले. पट्टी हवी, हे कळले होते; आकड्यांमधले अंतर सारखे हवे, हे अजून कळायचे होते. शेवटी एकाने स्वतःचा बूट काढून टेबलावर ठेवला. बूट कुणीही मोजला तरी तेवढाच भरतो! सगळ्यांनी मिळून बुटात माप घेतले. तिथून मीटरच्या पट्टीपर्यंत जाणे अवघड राहिले नाही. मुलांनी टेबलाचे चित्र काढले, त्यावर मापे लिहिली, कागद सुताराला दिला आणि त्याने त्याबरहुकूम टेबल केले.

आता यात चित्रकाराचे काम कोणते? वरवर पाहता हा गणिताचा पाठ. पण रेखाटन हे इथे विचार करायचे साधन होते. मुलाने काढलेल्या टेबलाच्या चित्रात पाय कुठे जोडले आहेत, लांबी कुठून कुठवर धरली आहे, यावरून त्याला काय उमगले आणि काय नाही, हे दिसते. ते पाहायला तयारीचा डोळा लागतो. मूल चुकल्यावर खोडरबर पुढे न करता, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहून पुन्हा काढ, एवढेच सांगायला संयम लागतो. डायानात हे काम करत होत्या वेआ वेक्की. १९७० मध्ये त्या तिथे आल्या आणि सुमारे तीस वर्षे तिथेच राहिल्या.

रोजच्या कामाचा मोठा भाग नोंदींचा असतो. मुले काय बोलली, ते शब्दशः टिपून घ्यायचे. ध्वनिमुद्रण करायचे, छायाचित्रे काढायची, चित्रांचे सगळे टप्पे जपायचे. मग शिक्षिका आणि चित्रकार बसून त्यांवर चर्चा करतात आणि उद्या मुलांपुढे काय ठेवायचे ते ठरवतात. हीच टिपणे भिंतींवर लागतात. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेला बाप उभा राहून ती वाचतो, आणि आज काय शिकवले, हा त्याचा प्रश्न बदलतो. नगरपालिकेला या शाळांच्या खर्चाचा हिशेब विचारला गेला, तेव्हाही उत्तर म्हणून हीच टिपणे पुढे आली. १९८१ मध्ये रेज्जोचे प्रदर्शन स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात लागले. पुढे ‘मुलांच्या शंभर भाषा’ या नावाने ते अनेक देश फिरले.

काही कामे शाळेबाहेर पडली. ला व्हिलेत्ता शाळेतल्या मुलांनी पक्ष्यांसाठी करमणुकीची बाग उभारायचे ठरवले आणि कारंजी, पाणचक्क्या बनवून ती उभी केली. डायानातल्या मुलांच्या चित्रांवरून शहरातल्या आरिओस्तो नाट्यगृहासाठी पडदा तयार झाला. बालवाडीतल्या मुलाचे काम नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकांसमोर, शहराच्या दर्शनी भागात गेले. शाळा-सजावटीच्या पलीकडची ही गोष्ट आहे.

१९९१ मध्ये ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने जगातल्या दहा उत्तम शाळांच्या यादीत डायानाचे नाव घेतले आणि पाहुण्यांचा ओघ वाढला. आज एका जुन्या चीज-गोदामात मालागुत्सींच्या नावाचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे आणि त्याच आवारात बालवाडीबरोबर प्राथमिक शाळाही भरते. बालवाडीत जमले ते पहिलीच्या पुढे टिकते का, हा प्रश्न तिथे रोजच्या कामात तपासला जातो.

आक्षेपही आहेत. प्रदर्शनातली चित्रे इतकी देखणी का, त्यात मोठ्यांचा हात किती, असे विचारले जाते. हात नसला तरी निवड मोठ्यांची असते, हे तर उघड आहे. दुसरी अडचण नावाच्या व्यापाराची. रेज्जो कुठल्याही शाळेला आपल्या नावाचा परवाना देत नाही, त्यामुळे ‘रेज्जो-प्रेरित’ अशी पाटी कुणीही लावू शकते. मुंबई-पुण्यातही अशा पाट्या दिसतात, बहुधा भरमसाट फीच्या खासगी शाळांवर. मुळातल्या शाळा मात्र पालिकेच्या. तिथे फी पालकांच्या उत्पन्नानुसार ठरते आणि चित्रकाराचा पगार करदाते देतात. फडताळे, लाकडी खेळणी आणि दिव्याची टेबले इथवर पोहोचली. पगारपत्रक मात्र तिथेच राहिले.

खरे तर हा विचार महाराष्ट्राला परका नाही. विल्ला चेल्लात विटा वाहिल्या जात होत्या त्याच साली, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुलाच्या अंगणातच शाळा न्यायची, महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने वापरायची, हा त्यांचा आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांचा मार्ग. पुढे काम कोसबाडला गेले. भोवती वारली पाडे होते. चित्र काढणे जिथे लग्नविधीचाच भाग आहे, तिथे कलावंत शोधायला शहरात जावे लागत नाही.

मात्र व्यवस्थेत त्याला खुर्ची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीला तेवढेही नाही. त्या वर्गांत एकच बाई भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि चित्रकला सांभाळतात, आणि परीक्षा जवळ आली की कुठला तास गणिताला जातो हे सर्वांना माहीत आहे. चित्रकलेची शाळेबाहेर मोजदाद होते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळी, म्हणजे मुलाचा हात बराचसा आखडल्यावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र एक वाक्य आहे : प्रत्येक शाळेने किंवा शाळा-संकुलाने निवासी कलावंत ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगावे.

त्यातला ‘शाळा-संकुल’, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, हा शब्द कामाचा आहे. प्रत्येक शाळेला एक चित्रकार देणे जिल्हा परिषदेला झेपणार नाही. पण एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक, असा विचार होऊ शकतो. तो कुंभार असेल, बुरूड असेल, वारली चित्रकार असेल किंवा कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी असेल. अट दोनच गोष्टींची हवी : काही वर्षांची नेमणूक आणि शिक्षकांच्या बैठकीत बरोबरीची जागा. मानधनावर महिनाभरासाठी आलेला माणूस मुलांना मोर काढायला शिकवील आणि जाईल. मुलाच्या तिरप्या टेबलातले गणित ज्याच्या डोळ्यांना दिसते, तो तयार व्हायला वर्षे लागतात. ती वर्षे अर्थसंकल्पात कलावंताचे पद म्हणून मांडली जातात की कार्यक्रमाचा खर्च म्हणून, यावर धोरणातल्या त्या वाक्याचे पुढे काय होणार ते ठरेल.