नाणेघाटांतील अंक आणि चिनी गणिताच्या काड्या

मनोरीच्या खाडीपासून किनाऱ्यानें उत्तरेस गेलें म्हणजे वसईपलीकडे सोपारें लागतें. सातवाहनांच्या काळीं तें मोठें बंदर होतें. तेथें व कल्याणास उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नर आणि पैठणकडे जाई. या घाटाच्या माथ्यावरील गुंफेंत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. यज्ञप्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणीं यांची मोजदाद त्यांत कोरलेली आहे. लेखाचा काळ साधारणतः इसवी सनापूर्वींचें पहिलें शतक मानतात. त्यांतील अंकांचा उलगडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं इ. स. १८७६ च्या सुमारास केला.

लेखांतील एक रक्कम २४,४०० कार्षापणांची आहे. ती लिहिण्यास तीन चिन्हें लागलीं: एक वीस हजारांचें, एक चार हजारांचें आणि एक चारशांचें. हजाराच्या खुणेस चाराची खूण जोडली कीं चार हजार होत. शंभराच्या खुणेस जोडली कीं चारशें. चिन्हाचें मोल त्याच्या आकारांत होतें, स्थानांत नव्हतें. त्यामुळें शून्याची गरजच पडली नाहीं. नोंद ठेवण्यास ही रीत पुरेशी होती. आंकड्याखालीं आंकडा मांडून गुणाकार करण्यास मात्र ती सोयीची नव्हती.

त्याच सुमारास चीनमध्यें हान राजवटीचे अधिकारी बांबूच्या काड्या मांडून हिशेब करीत. एकक, शतक व दशसहस्र या स्थानीं काड्या उभ्या, तर दशक व सहस्र या स्थानीं आडव्या. तीच २४,४०० ही संख्या मांडावयाची तर दोन उभ्या, चार आडव्या, चार उभ्या काड्या ठेवून पुढील दोन जागा रिकाम्या सोडीत. येथें काडीचें मोल स्थानावरून ठरे. शेताचें क्षेत्रफळ, धान्याची अदलाबदल, कराची वांटणी, कालव्याच्या कामावरील मजूर असे २४६ प्रश्न ‘नऊ प्रकरणें’ या त्यांच्या प्राचीन ग्रंथांत आहेत. लिऊ हुई यानें इ. स. २६३ मध्यें त्यावर भाष्य लिहिलें. धन संख्येस तांबड्या आणि ऋण संख्येस काळ्या काड्या घ्याव्या, असें तो सांगतो. घेणें आणि देणें एकाच पाटावर मांडण्याची ही युक्ति होय.

परंतु काड्या उचलल्या कीं हिशेब पुसला जाई, आणि कागदावर रिकामी जागा सहज नजरेंतून निसटे. स्थानमूल्य लिहून ठेवावयाचें तर रिकाम्या जागेलाहि चिन्ह हवें. तें भारतानें दिलें. शून्याशीं बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें घालून दिले. इ. स. ७१८ मध्यें तंग दरबारांतील भारतीय कुळाचा ज्योतिषी गौतम सिद्ध यानें भारतीय अंक व शून्याचा ठिपका चिनी भाषेंत समजावून सांगितला. तरीहि चिनी गणकांनीं काड्या सोडल्या नाहींत. हातचें साधन चांगलें चालत असतां नव्याची निकड भासत नाहीं. त्यांच्या ग्रंथांत वाटोळें शून्य दिसतें तें छिन जिऊशाव याच्या इ. स. १२४७ मधील ग्रंथांत.

तोंवर महाराष्ट्रांत नाणेघाटची रीत मागें पडली होती. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ बाराव्या शतकांत सिद्ध झाली, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख खानदेशांत पाटण येथें आहे. शाळेंतील मूल पाटीवर ‘एकं, दहं, शतं’ मांडून शून्य काढतें, तेव्हां तें रिकाम्या जागेला नांव देत असतें. एवढ्या साध्या गोष्टीसाठीं दोन थोर संस्कृतींना शतकेंच्या शतकें खर्चावीं लागलीं.