चार टक्के कुणाच्या पदरात?

आपल्या घरात सरकारचा विषय निघाला की तो नोकरीपाशी येऊन थांबतो. भरती निघाली का? अनुशेषाचे काय झाले? पण सरकार नुसती माणसे भरत नाही. ते खुर्च्या, गणवेश, बूट, साबण, फायली असे सारे विकत घेते. त्या पैशात आपला वाटा किती, हे आम्ही क्वचितच विचारतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी मात्र ते विचारले होते. 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्या व शिक्षणाबरोबर केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांचाही प्रश्न होता.

मध्ये सत्तर वर्षे गेली! 2012 साली केंद्राने सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदीचे धोरण काढले. 2015 पासून ते सक्तीचे झाले. आज केंद्राची खाती व सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के या उद्योगांकडून घ्यायची आणि त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून, असा दंडक आहे. 1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही यात येतात.

मग पैसा कुठे अडतो? कित्येक वर्षे खरेदी या 4 टक्क्यांच्या खूप खाली राहिली. आमच्या मते मेख धोरणातच आहे. आपल्या उद्योजकांनी निविदा भरली नाही, किंवा अटी व दर जुळले नाहीत, तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढता येतो. म्हणजे कुणी आलेच नाही म्हटले की अधिकारी मोकळा! आणि बांधकामाची कंत्राटे तर या धोरणात धरलेलीच नाहीत. बाबासाहेबांनी बोट ठेवले होते ते नेमके त्यावरच.

विकसनशील देशांची सरकारी खरेदी तपासायला जागतिक बँक व इतर संस्थांनी एक मोजपट्टी केली आहे. 2018 साली ती सुधारली. नुसता कायदा पाहून ती थांबत नाही, प्रत्यक्ष व्यवहार आणि जबाबदारीही तपासते. आपल्याकडे कायद्याच्या कागदावरच समाधान मानले जाते. शेजारच्या कर्नाटकाने 2017 साली ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी 24.1 टक्के राखून ठेवले. तेव्हा बांधकामात हे जमत नाही, असे कुणी सांगू नये.

तोवर हातात आहे ते घ्यावे. घरात शिवणकाम, चामड्याचे काम किंवा छपाई चालत असेल तर उद्यम नोंदणी करावी. ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नयेत. नोंदणीत प्रवर्ग नीट भरावा, जातीचा दाखला जपून ठेवावा. या धोरणाखाली निविदेचा अर्ज विनामूल्य मिळतो व बयाणा रकमेची सूट आहे. आपल्याकडे बहुधा गाडी अडते ती याच रकमेवर. माल दिल्यावर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत. न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते.