टाकीतला ‘शार्क’ मोठा झाला की...

पाटोद्यात शार्क? हसू येणारच. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघणारी माणसं. पण ॲक्वेरियमच्या दुकानात जा, ‘शार्क’ हमखास मिळतो. बोटाएवढा, चंदेरी, पाठीवर तिकोनी पर. स्टेटसला टाकायला एकदम कडक!

गंमत म्हणजे तो शार्क नाहीच. तो पंगस, कॅटफिशच्या कुळातला. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो, तो बऱ्याचदा हाच. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांचा. तिथे अंडी घालायला तो शेकडो किलोमीटर पोहत जातो. पूर्ण वाढला की चार फुटांच्या वर, वजन ४० किलोपर्यंत. आणि आपली टाकी? दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे जेमतेम ५६ लिटर पाणी. त्यात हा मासा भित्रा. दचकला की काचेवर धडकतो. ‘टाकीच्या मापानेच वाढतो’ असं सर्रास सांगतात. वाढ खुंटते हे खरं, पण ते जुळवून घेणं नाही, ते हाल आहेत.

खऱ्या शार्कचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे ॲक्वेरियमने २००४ मध्ये ग्रेट व्हाइट शार्कचं पिल्लू सुमारे ३८ लाख लिटरच्या टाकीत ठेवलं. १९८ दिवसांनी त्याला समुद्रात सोडावं लागलं. जपानच्या ओकिनावात २०१६ मध्ये असाच एक शार्क तीन दिवसांत मेला. जिथे तज्ज्ञांची फौज हरली, तिथे आपला हॉल काय पुरणार?

मग टाकीत मावेना झालेला मासा जातो कुठे? ‘सोडून दे नदीत, पुण्य लागेल.’ इथेच घोळ आहे. मांजरा आपल्याच तालुक्यात उगम पावते आणि पुढे धनेगावच्या धरणात जाते. बाहेरचा मासा पाण्यात शिरला की स्थानिक माशांच्या खाण्यावर आणि जागेवर डल्ला मारतो. उजनीत सकर मासा असाच माजलाय. त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. तोही काचेची टाकी साफ ठेवणारा म्हणूनच विकला जातो.

कुणी म्हणेल, मासे खातो की आपण, मग पाळले तर काय बिघडलं? खाण्याचा वाद वेगळा. पाळणं म्हणजे रोजची जबाबदारी. दावणीला बैल बांधायच्या आधी आपण गोठा, चारा, पाणी बघतो. मासा ओरडत नाही म्हणून त्याचा हिशेब करायचा नाही का?

हौस जरूर करा. फक्त घेताना दुकानदाराला एकच विचारा: ‘हा केवढा वाढतो?’ बोटभरच राहणारे गप्पी, मोली घ्या. घरात आधीच ‘शार्क’ असेल तर दुकानात परत द्या किंवा मोठं तळं असलेला मत्स्यपालक शोधा. मांजरेत मात्र सोडू नका.