डिबेट गाजवली, मग हॅरिस मागे का पडल्या?

२७ जून २०१९, मायामी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीची, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या शर्यतीची टीव्ही डिबेट. गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकावं म्हणून त्यांना बसने दूरच्या शाळेत नेलं जायचं. सत्तरच्या दशकात याला जो बायडन यांचा विरोध होता. कमला हॅरिस यांनी त्यांना तिथेच गाठलं: ‘ती छोटी मुलगी मी होते.’

क्लिप तुफान फिरली. लहानपणीचा फोटो, टी-शर्ट, पोलमध्ये उसळी, सगळं झालं. पण अनेक मतदारांचा खरा प्रश्न वेगळाच होता: ट्रम्प यांना हरवेल कोण? टाळ्या एकीला, भरवसा दुसऱ्यावर!

३ डिसेंबरला, एकही मत पडण्याआधी, हॅरिस यांनी माघार घेतली. उमेदवारी बायडन यांना मिळाली. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी निवडलं हॅरिस यांनाच.