बंदुकीचा सायलेन्सर आणि कायदा
वाशिम जिल्ह्यात रोही आणि रानडुकरं रातोरात सोयाबीन-तुरीची नासाडी करतात. पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळू शकतो. सायलेन्सर मात्र त्यात आपोआप येत नाही: 1959च्या शस्त्र कायद्याने आवाज किंवा ज्वाला दाबणारं उपकरण थेट अग्निशस्त्राच्या व्याख्येतच बसवलं आहे. तसंही राखणीला मोठा बारच कामाचा. जनावर आवाजानेच पळतं.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने 1909 मध्ये पेटंट घेतलेलं बंदुकीच्या सायलेन्सरचं तंत्र मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखंच आहे. तप्त वायू कप्प्याकप्प्यांत अडवून मंद करायचा. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका तरीही उरतोच.

जुन्या उपकरणात काजळी आणि शिसं साचतं. आतला कप्पा गंजून सरकला, तर गोळी त्यावर आदळून चालवणाराच जखमी होऊ शकतो.