पट्टा मनगटाने फिरत नाही

शिवजयंतीला किंवा दसऱ्याला कोल्हापुरात मर्दानी खेळ रंगले आणि दांडपट्टा फिरू लागला, की गर्दीतून हमखास ऐकू येतं, 'काय मनगट आहे पोराचं!' कौतुक रास्त आहे, पण ते चुकीच्या सांध्याचं आहे. दांडपट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो. आत एक आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. वरून पट्टी हाताला बांधून ठेवते. मनगट वाकायला जागाच उरत नाही.

मग पट्टा फिरतो कशावर? खांद्यावर, कमरेवर आणि पावलांवर. पातं हाताच्याच रेषेत पुढे गेलेलं असतं, म्हणजे कोपरापासून टोकापर्यंत एकच लांब दांडा. असा दांडा एकदा वेगात आला, की मध्येच थांबवणं फार कठीण. त्याला वळवत न्यावं लागतं. म्हणून तर पट्टेकरी सतत फिरताना दिसतो. पाय चुकले तर हातही चुकतो, आणि तालमीत वस्ताद पवित्र्यांवर एवढा जोर देतात तो याचसाठी.

2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेलं हे हत्यार म्हणजे लांब तलवारच, असंही अनेकांना वाटतं. तलवारीचं पातं हाताशी कोन करून उभं राहतं, म्हणून तिथे मनगटाला काम असतं. पट्ट्याची आडवी पकड कट्यारीच्या जवळची. पकड बदलली की वार जन्माला येण्याची जागाच बदलते.

मूठ जितकी आवळावी तितका वार जोरदार, ही समजूत सर्वांत चिवट. आवळलेल्या मुठीने हात ताठरतो आणि खांदा अडखळतो. पट्ट्याने लिंबू कापताना हे लगेच कळतं. तिथे जोरापेक्षा धार कुठे वळलेली आहे याला महत्त्व. मूठ जरा पालथी किंवा उताणी झाली, की पातं स्वतःभोवती फिरतं, धारेऐवजी सपाट बाजू लागते आणि लिंबू अखंडच उडून जातं. गोल्फमध्येही नेमकं हेच घडतं. दांड्यावर हात थोडे उजवीकडे किंवा डावीकडे सरकले, की चेंडूला भिडताना काठीच्या तोंडाचा कोन बदलतो आणि चेंडू भलतीकडे वळतो. तिथेही नवखा खेळाडू लांब मारायचं म्हणून मूठ आवळतो आणि वेग गमावतो.

राहिला शेवटचा गैरसमज: तडाखा दिला की पट्टा हातातून उडतो. खोबळ्यात बांधलेलं शस्त्र असं सुटत नाही. 1659 साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला, तेव्हा महाराजांच्या जिवा महालाने त्याचा हत्याराचा हातच कलम केला, असं बखर सांगते.