पहिली दुर्बीण घेताना ‘किती पट?’ विचारू नका

दिवाळी आली की महाराष्ट्रात आकाशदर्शनाचा हंगाम सुरू होतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होत जाते, संध्याकाळी देवयानी डोक्यावर येऊ लागते आणि रात्र चढली की पूर्वेला मृग उगवतो. घरात मुलांसाठी, किंवा निवृत्तीनंतर स्वतःसाठी, दुर्बीण घ्यायचा विषयही याच सुमारास निघतो. मग दुकानात किंवा मोबाइलवर एक चकचकीत खोका समोर येतो. त्यावर शनीचं रंगीत छायाचित्र असतं आणि मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’ असं छापलेलं असतं. किंमत खिशाला परवडणारी असते, त्यामुळे घेणाऱ्याला आपण शहाणपणाचा सौदा केला असं वाटतं. पहिल्या दुर्बिणीचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते या आकड्यामुळे. खरेदीआधी हा आकडा कुठून येतो हे समजून घेतलं, तर निम्मं काम झालं.

दुर्बीण किती पट मोठं दाखवते याचं गणित साधं आहे. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ७०० मिलीमीटरच्या दुर्बिणीला ४ मिलीमीटरचा आयपीस लावला की १७५ पट होतात. त्यात तिप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की ५२५. कागदावर हे खरंच आहे. आयपीस बदलून कुठल्याही दुर्बिणीचा हा आकडा हवा तेवढा वाढवता येतो, म्हणून तो दुर्बिणीच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्यक्षात मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या दर मिलीमीटरमागे साधारण दोन पट, ही उपयोगी वर्धनाची मर्यादा धरतात. ६० मिलीमीटरच्या भिंगाला १२० पटीपर्यंत अर्थ असतो. त्यापुढे प्रतिमा मोठी होत जाते, पण तिच्यात नवा तपशील येत नाही. ती अंधूक आणि पसरट होते. शिवाय आपल्या डोक्यावरचं वातावरण सतत हलत असतं, त्यामुळे मोठ्या दुर्बिणींनासुद्धा बहुतेक रात्री दोनशे-अडीचशे पटीच्या पुढे फारसं काही मिळत नाही. मोठ्या वर्धनाची गरजही वाटते तेवढी नसते. गुरू पृथ्वीजवळ असताना ४० पटीने पाहिला, तर नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसतो. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण २० पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून.

तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न व्यासाचा. पावसात पागोळ्यांखाली ठेवलेल्या भांड्याचं तोंड जेवढं रुंद तेवढं पाणी जास्त साठतं, प्रकाशाचंही तसंच आहे. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलीमीटर उघडते. ६० मिलीमीटरचं भिंग तिच्या सत्तरेक पट प्रकाश गोळा करतं, १५० मिलीमीटरचा आरसा साडेचारशे पटींहून जास्त. म्हणजे व्यास अडीचपट झाला की प्रकाश सव्वासहापट होतो. जवळजवळ असलेले दोन तारे वेगळे दाखवण्याची ताकदही व्यासाबरोबर वाढते. ६० मिलीमीटरच्या दुर्बिणीत शनीचं कडं दिसतं, त्या कड्यातली कॅसिनीची काळी फट मात्र हवा स्थिर असलेल्या रात्री १५० मिलीमीटरच्या दुर्बिणीत नीट दिसते. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार गुच्छ लहान भिंगात धुरकट ठिपका असतो, मोठ्या आरशात त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

दुसरा प्रश्न दुर्बीण कशावर उभी आहे हा. माझ्या मते तो व्यासाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीत त्याबद्दल चकार शब्द नसतो. दुर्बीण ग्रहाबरोबर हाताचा धक्काही शंभर पट मोठा करते. डगमगणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तिपाईवर फोकसचा स्क्रू फिरवला की गुरू दृष्टिक्षेत्रात नाचत राहतो. त्यात पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. अर्ध्या अंशाच्या क्षेत्रात मध्यावर आणलेला ग्रह मिनिटभरात कडेला पोहोचतो. दुर्बीण अलगद सरकत नसेल, तर मूल पाचव्या मिनिटाला कंटाळतं आणि दुर्बीण माळ्यावर जाते. दोष मुलाच्या चिकाटीचा नसतो, स्टँडचा असतो.

या अडचणीवर सर्वांत स्वस्त आणि नेटकं उत्तर शोधलं ते जॉन डॉब्सन यांनी. १९१५ मध्ये बीजिंगला जन्मलेले हे अमेरिकन गृहस्थ १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. तिथे त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे बनवले, पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत बसवले आणि ते प्लायवूडच्या पेटीवर ठेवले. पेटी जमिनीवर फिरते, नळी वरखाली होते, बाकी काही नाही. १९६७ मध्ये मठ सोडल्यावर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवला. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. म्हणूनच आज जगभर ‘डॉब्सोनियन’ दुर्बिणी मिळतात, आणि त्यांत पैसा आरशावर खर्च होतो, धातूच्या कसरतींवर नाही. त्याच किमतीच्या इक्वेटोरियल स्टँडच्या दुर्बिणीत बराच खर्च स्टँडवर जातो. तो स्टँड ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर, बहुतेकदा समोरच्या इमारतीमागे.

माझा कौल असा. बजेट दहा हजारांच्या आतलं असेल तर दुर्बीण घेऊच नये, १०×५० ची चांगली द्विनेत्री घ्यावी. झूम होणारी घेऊ नये. तीस-चाळीस हजारांच्या आसपास तयारी असेल तर १५० मिलीमीटरची डॉब्सोनियन, आणि मधल्या बजेटला टेबलावर ठेवायची ११४ किंवा १३० मिलीमीटरची. यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मुलाला शनीचं कडं पाहायचं असतं आणि द्विनेत्रीत ते दिसत नाही. खरं आहे. पण तिच्यात चंद्राची विवरं, गुरूचे चंद्र, कृत्तिकेतले डझनावारी तारे, देवयानी दीर्घिकेचा पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आणि धनू राशीतली आकाशगंगा दिसते. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छही दिसतो. पुण्याहून तो क्षितिजावर सुमारे २४ अंश चढतो, लंडनहून कधीच उगवत नाही. शिवाय द्विनेत्रीमुळे आकाशात वाट शोधायची सवय होते. ती नसेल तर मोठी दुर्बीणही अंधारात चाचपडते. शनीचं कडं तोपर्यंत दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावं.

शहराच्या उजेडात मोठा व्यास वाया जातो, असंही म्हणतात. चंद्र, ग्रह आणि जोडतारे मुंबईच्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात, फटका बसतो तो तेजोमेघांना आणि दीर्घिकांना. आणि तेजोमेघ किंवा दीर्घिका छायाचित्रांसारख्या रंगीत कुठूनच दिसत नाहीत. डोळ्याला बहुधा राखाडी धूसर डागच दिसतो, आणि हे मुलाला आधीच सांगावं. फोटो काढायचे असतील तर डॉब्सोनियन सोयीची नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मोबाइल आयपीसला लावून चंद्र टिपता येतो, पुढचं छायाचित्रण हा वेगळा आणि खर्चिक छंद आहे. आरशाची जुळवणी अधूनमधून करावी लागते, पण ती एका संध्याकाळी शिकता येते. लहान घराची अडचण मात्र खरी आहे. १५० मिलीमीटरच्या डॉब्सोनियनची नळी साधारण सव्वा मीटर लांब असते, लिफ्ट आणि गच्चीची किल्ली नसेल तर छोटीच घ्यावी. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा ती सिलिका जेलसह कोरड्या जागी ठेवावीत.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. स्वस्त दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर आला, तर तो तोडून फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागतो.

पैसे देण्याआधी एक रात्र राखून ठेवा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जा, वेगवेगळ्या दुर्बिणींतून एकच गुरू पाहा, स्टँड हाताने हलवून पाहा आणि मगच ठरवा.